वेरूळची भिंत, जालन्याची भांग

भांगेचं नाव काढलं की महाशिवरात्र आठवते, नाहीतर पोलिसांची धाड. २०१६ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकातल्या एका शोधनिबंधाने मात्र ती वेरूळच्या लेण्यात दाखवली, थेट भिंतीच्या गिलाव्यात. पुरातत्त्व सर्वेक्षणातले निवृत्त रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात तेव्हा वनस्पतिशास्त्र शिकवणारे मिलिंद सरदेसाई या दोघांचं हे काम. गिलाव्यातले तंतू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तरी ते भांगेचेच कशावरून? ताडून पाहायला ताजी झाडं हवीत. ती त्यांनी दिल्लीच्या आसपासहून आणली, आणि आपल्या जालन्याच्या शिवारातून. तंतू जुळले. मातीत कालवलेल्या भांगेमुळे वेरूळच्या गिलाव्याला सुमारे दीड हजार वर्षं कीड लागली नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, आणि तिथल्या चित्रांचा बराच भाग किड्यांनी खाल्ला आहे.

नवीन जालन्यात बारावीच्या निकालानंतर घराघरांत जी बैठक बसते, तिच्यात हा विषय निघत नाही. बियाण्यांचं आणि सळयांचं हे गाव. पोराने अभियांत्रिकी घ्यावी, फार्मसी घ्यावी, नाहीच जमलं तर आडतीवर बसावं. इतिहास, पुरातत्त्व म्हटलं की काका विचारणार, ‘अन् मग पुढं काय?’ प्रश्न रास्त आहे. नोकऱ्या कमीच आहेत, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक लेण्याच्या भिंतीचं कोडं सोडवतो, तेव्हा या शिक्षणाची हद्द आपण समजतो त्याहून बरीच लांब आहे, एवढं तरी काकांना सांगता येईल.

आता आपल्याच जिल्ह्यातल्या भोकरदनचं बघा. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून तिथे उत्खनन केलं. नागपूरचे शां. भा. देव आणि मराठवाड्याचे र. शं. गुप्ते यांचा अहवाल पुढच्याच वर्षी छापून आला. (आजकाल अहवालांना किती वर्षं लागतात हे ठाऊक असणाऱ्यांना याचं अप्रूप वाटेल.) भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत या गावचे लोक होते, तिथल्या शिलालेखांत तसं कोरलेलं आहे. सातवाहनकाळात इथले कारागीर हस्तिदंतावर काम करत.

इटलीतल्या पॉम्पेई शहरात १९३८ साली एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली होती. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोचलेली. ती मथुरेकडची असावी असं आधी मानत. भोकरदनला त्याच धाटणीची मूर्ती मिळाली, तेव्हा म. के. ढवळीकरांसारख्या अभ्यासकांनी बोट आपल्या जिल्ह्याकडे दाखवलं. एवढी मोठी गोष्ट उभी राहते ती खड्ड्यात बसून केलेल्या कंटाळवाण्या कामावर. माती थराथराने काढायची. प्रत्येक थरातली खापरं वेगळ्या पिशवीत भरायची, धुवायची, वाळवायची, एकेका तुकड्यावर शाईने बारीक अक्षरात खड्ड्याचा आणि थराचा क्रमांक घालायचा. पिशव्यांची अदलाबदल झाली की काळाचीही झाली. हे हात विद्यापीठातच तयार होतात. उत्साह कितीही असला तरी गावकऱ्यांच्या श्रमदानातून ते साधत नाही.

शिक्षण असूनही चुका होतातच. जालना निजामाच्या राज्यात होतं, अजिंठाही. चित्रांचे पापुद्रे सुटू लागले म्हणून निजाम सरकारने १९२० च्या सुमारास चेक्कोनी आणि ऑर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ आणवले. पापुद्रे त्यांनी चिकटवले, पण वरून दिलेलं लाखेचं वॉर्निश पुढे पिवळं पडलं, काळवंडलं. ते उतरवण्यात नंतरच्या रसायनतज्ज्ञांच्या पिढ्या गेल्या. इथली हवा, इथली ओल, वटवाघळांची घाण हे सगळं जाणणारं माणूस इथेच शिकलेलं असावं, असं म्हणतो ते यासाठी.

नोकऱ्यांचा मुद्दा काढणाऱ्यांना २०२३ चा सप्टेंबर आठवत असेल. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर सरकारने न्या. संदीप शिंदे समिती नेमली आणि निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. दप्तरं होती. ती मोडीत होती, उर्दूत होती, फारसीत होती. वाचणारे कुठे होते? तोवर मोडीचा वर्ग म्हणजे निवृत्तांचा छंद असं समजलं जायचं. एकाएकी तहसील कचेऱ्या मोडी जाणणाऱ्यांचा शोध घेऊ लागल्या. आरक्षणाबद्दल कुणाचं मत काहीही असो, लिपी वाचता येणं ही कामाची विद्या आहे हे त्या दिवसांत सगळ्यांना पटलं.

नोंदींची गरज देवळांनाही आहे. जांब समर्थला समर्थ रामदासांच्या जन्मगावच्या मंदिरातल्या मूर्ती ऑगस्ट २०२२ मध्ये चोरीला गेल्या आणि सुदैवाने परत मिळाल्या. जिल्ह्यात देवळं किती, त्यांतल्या किती मूर्तींची मापं आणि चारी बाजूंचे फोटो कुठे नोंदवलेले असतील? हे काम तर पदवीच्या मुलांनाही दोन सुट्ट्यांत शिकवता येतं.

आणि खुद्द शहरात? कुंडलिका नदीच्या अलीकडे नवीन जालना, म्हणजे जुनं कादराबाद, पलीकडे कदीम जालना. मलिक अंबरच्या काळात इथल्या जमशेदखानाने काळी मशीद आणि हमाम बांधला, मोती तलाव खोदवला आणि तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरातल्या हौदांत आणलं. उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावणाऱ्या गावासाठी ही योजना जुनी गंमत म्हणून सोडून द्यायची नाही. नळांचा उतार किती, हौद कुठे, पाणी कोणत्या मोहल्ल्यात आधी पोचायचं, हे कोडं इतिहासाच्या विद्यार्थ्याला एकट्याला सुटणार नाही. त्याच्या जोडीला स्थापत्य शाखेचा मुलगा हवा, फारसी वाचणारी मुलगी हवी, आणि कादराबादेतली दोन-चार म्हातारी माणसं. एम.ए.च्या प्रबंधाला विषय मिळत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी मोती तलावाच्या बांधावरून सुरुवात करावी, आणि रस्ता खोदायच्या आधी पालिकेने त्यांना बोलवावं.