भाजणे आणि जाळणे

विस्तवाच्या मराठीवर लिहायचे म्हटले की आपल्याकडचा लेखक आधी संस्कृत कोश उघडतो. अग्नी, वन्ही, अनल, पावक, हुताशन अशी नामावळ होते आणि लेख संपला तरी चुलीत एक फुंकर पडलेली नसते. गेली पंचेचाळीस वर्षे मी एकच गोष्ट सांगत आलो आहे आणि याही दिवाळीला तीच सांगणार आहे. आगीची खरी मराठी क्रियापदांत आहे, आणि ती ऐकायची तर जव्हार-मोखाड्याच्या वरकस जमिनीवर वैशाखात उभे राहावे लागते.

नेहमीचा ऐवज झटपट उरकतो. ‘आग’ प्राकृतातल्या ‘अग्गी’तून आली, ‘इंगळ’ हा ‘इंगाला’चा, आणि ‘भाजणे’ संस्कृत ‘भ्रज्ज्’पर्यंत जाऊन पोचते. मोल्सवर्थांचा कोश १८३१ चा, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात निघाला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, सुक्याबरोबर ओलेही जळते, आगीतून फुफाट्यात, माकडाच्या हाती कोलीत, हे सगळे शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. त्यावर आणखी शाई घालवत नाही.

दोन वाक्प्रचारांपाशी मात्र थांबतो, कारण ते मला त्या डोंगरात गेल्यावर कळले. पहिला ‘विस्तव जात नाही’ हा. मी खोडाळ्याच्या बाजूला मास्तर म्हणून गेलो तेव्हा पाड्यावर काडेपेटी जपून वापरत. रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवायचे, पहाटे राख सारून फुंकर घालायची. झाकलेले निखारे विझलेच तर शेजारी जायचे आणि गोवरीच्या तुकड्यावर ‘इस्तू’ घेऊन यायचे. त्याला कोणी नाही म्हणत नसे. असा इस्तूसुद्धा ज्या दोन घरांत जात नाही, त्यांच्यातले वैर केवढे असेल, ते मला तिथल्या एका अंगणात उमगले. दुसरा ‘टेंभा मिरवणे’. बोहाड्याच्या रात्री लाकडी मुखवट्यांची सोंगे संबळाच्या ठेक्यावर येत, तेव्हा टेंभा धरणारा सोंगाच्या पुढे चाले. उजेड त्याच्या हातात, पण बघायचे ते सोंगाकडे. स्वतःच्याच तोंडाशी टेंभा धरून फिरणारा माणूस किती विशोभित दिसतो, ते टेंभा पाहिल्याशिवाय कळत नाही. आता तिथे हॅलोजन आले आहेत.

आणि आता राब. वाचकांनी मला इथे थोडी जागा द्यावी, कारण हा माझा विषय आहे.

नागली, वरई आणि भात यांचे रोप करायच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, झाडांचे तोडलेले टाहाळ आणि गवत असे थर रचतात, वरून बारीक माती पसरतात आणि पावसाळ्याआधी ते सारे पेटवतात. त्याने तणाचे बी मरते, किडीची अंडी मरतात, राखेचे खत होते आणि तापलेली माती भुसभुशीत होते. एवढे शेतकीच्या पुस्तकातही मिळेल. पुस्तकात जे मिळत नाही ते मी १९७६ च्या उन्हाळ्यात एका म्हातारीकडून ऐकले. ती थरावर माती उधळत होती. मी विचारले, “राब कधी जाळणार?” तिने हातातले टोपले खाली ठेवले. “जाळायचा नाय गुरुजी, भाजायचा. जळाला त वाया गेला.”

मग तिने पेटवून दाखवले. वारा जिकडून येत होता त्याच्या उलट्या टोकाला तिने निखारा टेकला. त्यामुळे आगीला वाऱ्याला तोंड देत पुढे सरकावे लागत होते. ज्वाळा जेमतेम गुडघ्याएवढी. कडेला तिचा मुलगा हिरवी डहाळी घेऊन उभा, ठिणगी बांधाबाहेर पडली की झोडपायला. मध्येच एका जागी भडका उठला, तेव्हा म्हातारी धावली आणि मूठमूठ माती टाकून तिने तो दाबला. आग धुमसत राहिली पाहिजे, तरच धग खाली जाते. भडकली तर वरचा पाला खाक होतो आणि माती कच्ची राहते. संध्याकाळी तिने राखेत बोटे खुपसून पाहिली आणि “भाजला” म्हणाली. भाकरीला लावायचा तोच शब्द.

तेव्हापासून मी हे क्रियापद सोडलेले नाही. वणवा ‘लागतो’, घर ‘पेटते’, पीक ‘करपते’, हात ‘पोळतो’, माणूस ‘होरपळतो’. या कशातही करणारा दिसत नाही. राब मात्र कोणीतरी ‘भाजतो’. त्यात वेळ राखणे आहे, वाऱ्याची दिशा बघणे आहे, कुठे थांबायचे ते कळणे आहे. कोकणात दक्षिणेकडे याच कामाला ‘भाजावळ’ म्हणतात, तिथेही धातू तोच. राब आणि वणवा एकाच रकान्यात टाकून व्याख्याने देणाऱ्यांना मी अनेकदा विचारले आहे की तुमच्या भाषेनेच जे वेगळे ठेवले ते तुम्ही कोणत्या आधाराने एक केलेत? उत्तर आलेले नाही. हा वाद जुना आहे. ठाणे-कुलाब्याकडच्या जंगलाच्या तक्रारींसाठी १८८५ साली नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढेही राबाचा प्रश्न होताच, आणि साहेबाच्या लेखीही ते बहुतेक झाडांचे नुकसानच होते.

चिनी भाषेचा एक दाखला इथे फार उपयोगी पडतो. चिनी लिपीत जाळण्याचे एक अक्षर आहे, उच्चार साधारण ‘फन’. वर शेजारी शेजारी दोन झाडे, म्हणजे जंगल, आणि त्याखाली आग. शरद ऋतूच्या अक्षरात तर धान्याच्या शेजारी आग आहे. डोंगरउतारावरच्या शेतीला चार अक्षरांचा वाक्प्रचार आहे, ‘दाव गंग हुओ जुंग’: सुरीने नांगरणे, आगीने पेरणे. किती नेमके! पण आजच्या चिनीत तो मागासलेल्या शेतीसाठी वापरतात, म्हणजे तुच्छता तिथेही पोचलीच. बाकी आगीत तेल ओतणे त्यांच्याकडे जसेच्या तसे आहे, आणि लांबच्या पाण्याने जवळची आग विझत नाही ही त्यांची म्हण आपल्या ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ची सख्खी बहीण. तिकडे ही अक्षरे शाळेत गिरवतात. आमच्या राबाला पाठ्यपुस्तकात एक ओळ मिळावी म्हणून मी किती अर्ज केले त्याची गणती नाही.

कारण मुळातच बोली गोळा करणाऱ्यांनी चुकीचे प्रश्न विचारले. ग्रीअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडात वारली आहे, काथोडी आहे. काम मोठे, त्याला माझा नमस्कार. पण नमुना म्हणून बोलीबोलींतून घेतली ती उधळ्या मुलाची गोष्ट. त्या गोष्टीत चूल पेटत नाही, राब भाजत नाही, खैराच्या ढलप्या उकळून कात काढणारी काथोड्यांची भट्टी नाही, आणि त्या जमातीचे नाव तर कातावरूनच पडलेले. आमच्यातल्या एका विद्वानांनी परिसंवादात या शब्दांना ‘प्रादेशिक वैचित्र्य’ म्हटले होते. मला ते तेव्हाही सहन झाले नाही आणि आजही होत नाही.

आज परिस्थिती काय? उज्ज्वला योजना २०१६ ची. बाईच्या डोळ्यांतला धूर कमी होत असेल तर मला आनंदच आहे. पण शेगडीचे बटण फिरवताना फुंकणी, आवल, फुफाटा, इंगळ, कोलीत यांपैकी काहीच हाताशी नसते, आणि हाताला न लागलेला शब्द तोंडात टिकत नाही. दिवाळी झाली की निम्मा पाडा ‘जगायला’ जातो, वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर. तिथेही ते भाजतातच, पण विटा, आणि दुसऱ्याच्या. ‘भट्टी जमली’ असे आपण नाटकाच्या परीक्षणात सहज लिहितो. ती भट्टी रचणाऱ्यांत माझे विद्यार्थी होते. गेल्या वैशाखात मी त्यांतल्या एकाच्या घरी गेलो. त्याच्या मुलीला विचारले, हे बापाने काय केले? ती म्हणाली, “राब जाळला.” आत चुलीपाशी बसलेली आजी काही बोलली नाही.

जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांत ज्या शिक्षकांची नेमणूक आहे, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. शंभर पानी एक वही घ्या. होळीपासून मृगापर्यंत दर रविवारी एका म्हातारीपाशी बसा. नावे मागाहून लिहा, क्रियापदे आधी लिहा, आणि कोणत्या कामाला कोणते ते तिच्याच वाक्यात लिहा. माझ्या अकरा वह्या तयार आहेत. जो मागेल त्याला देईन.