एआय शिकायचं? आधी कागद-पेन्सिल घ्या

२०१८ साली फिनलंडची लोकसंख्या जेमतेम ५५ लाख होती. त्याच वर्षी मे महिन्यात तिथल्या हेलसिंकी विद्यापीठाने ‘रिअॅक्टर’ या तंत्रज्ञान कंपनीला सोबत घेऊन एक ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला. त्याचं नाव ‘एलिमेंट्स ऑफ एआय’. देशातल्या एक टक्का लोकांना, म्हणजे सुमारे ५५ हजार जणांना कृत्रिम बुद्धिमत्तेची मूलतत्त्वं समजावून द्यायची, एवढंच उद्दिष्ट होतं. डोळ्यांसमोर इंजिनीअर नव्हते. शिक्षक, परिचारिका, दुकानदार, निवृत्त मंडळी होती. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, प्रोग्रामिंग यायलाच हवं अशी अट नाही. २०१९च्या उत्तरार्धात युरोपीय संघाचं अध्यक्षपद फिनलंडकडे आलं, तेव्हा हा अभ्यासक्रम संघाच्या सगळ्या अधिकृत भाषांत आणण्याचा संकल्प त्या देशाने सोडला. पुढे जगभरातून दहा लाखांहून अधिक लोकांनी त्यात नाव नोंदवलं. त्यांत सुमारे ४० टक्के स्त्रिया आहेत, असं संयोजक सांगतात.

आपल्याकडेही एआय शिकण्याची ओढ मोठी आहे. पण मोबाइल उघडला की समोर येतात त्या जाहिराती : तीन तासांत तज्ज्ञ व्हा, प्रमाणपत्र मिळवा, पगार दुप्पट करा. अशा घाईत पहिल्या अभ्यासक्रमाचा खरा उपयोग नजरेआड होतो. प्रारंभिक अभ्यासक्रम कुणालाही तज्ज्ञ करत नाही. यंत्राने दिलेला निकाल हाती आला की त्याला कोणता प्रश्न विचारायचा, हे तो शिकवतो. आणि ते नुसते व्हिडिओ पाहून येत नाही, गणितं स्वतः सोडवूनच येतं.

स्टॅनफर्डचा मोठा वर्ग

ऑनलाइन शिकवणीची ही लाट २०११ साली उठली. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वर्गाचे दरवाजे सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्व्हिग यांनी इंटरनेटवरून सगळ्यांना खुले केले. तब्बल १ लाख ६० हजार जणांनी नावं नोंदवली. त्याच सुमारास अँड्र्यू इंग यांनी मशीन लर्निंगचा वर्ग असाच खुला केला. त्यातूनच पुढे थ्रन यांची ‘युडॅसिटी’ आणि इंग व डॅफ्नी कोलर यांची ‘कोर्सेरा’ ही ऑनलाइन शिकवणीची व्यासपीठं उभी राहिली.

थ्रन-नॉर्व्हिग यांचा वर्ग पूर्ण केला तो मात्र सुमारे २३ हजार जणांनी, म्हणजे सातातल्या एकाने. आजही ऑनलाइन शिकणाऱ्यांची अशीच मोठी गळती होते. नाव नोंदवायला मिनिटभर लागतं. गृहपाठाला संध्याकाळ द्यावी लागते. म्हणून अभ्यासक्रम निवडताना त्यात व्हिडिओ किती, यापेक्षा गृहपाठ कसा आहे, हे आधी पाहावं. हेलसिंकीच्या अभ्यासक्रमात प्रत्येक प्रकरणाला स्वाध्याय आहेत. काहींची उत्तरं चार ओळींत लिहावी लागतात आणि ती इतर विद्यार्थी तपासतात. दुसऱ्याचं उत्तर तपासताना आपल्याला किती कळलंय, तेही कळतं.

वाघ, शेळी आणि गवत

या अभ्यासक्रमातलं सुरुवातीचं एक कोडं आपल्या चांगल्या ओळखीचं आहे. तिथे कोल्हा, कोंबडी आणि कोंबडीचा दाणा आहे. आपल्याकडे वाघ, शेळी आणि गवताचा भारा. नावेत नावाड्याबरोबर एकच मावतं. नावाडी जवळ नसेल तर वाघ शेळीला खातो, शेळी गवत खाते. सगळ्यांना पैलतीरी कसं न्यायचं?

लहानपणी आपण हे डोकं खाजवून सोडवलं. अभ्यासक्रम सांगतो, तसं नको. आधी सगळ्या शक्यता कागदावर मांडा. नावाडी, वाघ, शेळी, गवत हे चौघे. प्रत्येक जण ऐलतीरी तरी असेल किंवा पैलतीरी. म्हणजे एकूण मांडण्या १६. त्यांतल्या सहा मांडण्यांमध्ये कुणीतरी कुणाला खातं, त्या खोडल्या. उरल्या दहा. आता एका फेरीत कोणत्या मांडणीवरून कोणत्या मांडणीवर जाता येतं, तशा रेघा मारा. सुरुवातीपासून शेवटापर्यंतची सर्वांत जवळची वाट सात फेऱ्यांची निघते.

मोबाइलवरचा नकाशा रस्ता सुचवतो किंवा संगणक बुद्धिबळ खेळतो, तेव्हा मुळाशी हेच चालतं : शक्यता मांडणं, निषिद्ध त्या गाळणं, उरलेल्यांतून वाट शोधणं. फक्त मांडण्या दहा नसतात, अब्जावधी असतात. हे एकदा हाताने करून पाहिलं की ‘मशीन विचार करतं’ या वाक्यामागचं गूढ बरंचसं उतरतं.

‘पॉझिटिव्ह’ म्हणजे किती खरं?

या अभ्यासक्रमातला सर्वांत मोलाचा धडा शक्यतेच्या गणिताचा आहे. अठराव्या शतकातले इंग्लिश धर्मोपदेशक टॉमस बेझ यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम. उदाहरण स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीचं आहे. आकडे स्वाध्यायासाठी सोपे करून घेतलेले आहेत. समजा, १०० स्त्रियांमागे ५ जणींना हा आजार आहे. मॅमोग्राफी आजार असलेल्या १०० जणींमधल्या ८० जणींचा आजार ओळखते. पण आजार नसलेल्या १०० जणींपैकी १० जणींनाही ती चुकून ‘पॉझिटिव्ह’ ठरवते. आता एका स्त्रीचा अहवाल पॉझिटिव्ह आला, तर तिला आजार असण्याची शक्यता किती?

बहुतेक जण चटकन ८० टक्के म्हणतात. कागदावर हजार स्त्रिया घेऊन पाहू. त्यांतल्या ५० जणींना आजार आहे. तपासणी त्यांतल्या ४० जणींना पकडते. उरलेल्या ९५० निरोगी. त्यांतल्या ९५ जणींचा अहवाल चुकून पॉझिटिव्ह येतो. म्हणजे पॉझिटिव्ह अहवाल एकूण १३५, त्यांतले खरे ४०. शक्यता झाली सुमारे ३० टक्के. मुळात आजार असणाऱ्यांची संख्याच कमी, त्यामुळे निरोगी गटातल्या चुका खऱ्या रुग्णांपेक्षा जास्त भरतात. अहवाल दुर्लक्षून चालणार नाही. ३० टक्के हा धोका लहान नाही. पण म्हणूनच डॉक्टर एका चाचणीवर न थांबता पुढची तपासणी सांगतात.

बँकेचं सॉफ्टवेअर एखादा व्यवहार संशयास्पद ठरवतं, कॅमेरा गर्दीतला चेहरा आरोपीशी जुळवतो, ईमेलची चाळणी पत्र कचऱ्यात टाकते, तेव्हा हेच गणित लागू पडतं. ‘आमची प्रणाली ९० टक्के अचूक आहे’ असं कुणी म्हणालं, तर ज्या गोष्टीचा शोध चालला आहे ती मुळात किती दुर्मीळ आहे आणि चुकून किती जण अडकतात, हे विचारायलाच हवं. पोलीस, न्यायालयं, सरकारी योजना यांत एआय शिरत असताना हा प्रश्न प्रत्येक नागरिकाला विचारता आला पाहिजे.

यापुढची प्रकरणं मशीन लर्निंग आणि न्यूरल नेटवर्कची. यंत्र उदाहरणं पाहतं, अंदाज बांधतं, चुकतं आणि चूक कमी होईल तसे आतले आकडे थोडे थोडे बदलत जातं. नोव्हेंबर २०२२मध्ये आलेलं चॅटजीपीटीही पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज अशाच शिकवणीतून बांधतं. अंदाज भाषेला शोभणारा असला तरी खरा असेलच असं नाही, हे मूळ समजलं की त्याच्या ठामपणावर डोळे मिटून भरवसा बसत नाही.

कोणासाठी कोणता?

प्रोग्रामिंगशी संबंध नसलेल्यांनी ‘एलिमेंट्स ऑफ एआय’ किंवा इंग यांचा २०१९चा ‘एआय फॉर एव्हरीवन’ घ्यावा. पहिल्यात गणित आहे, दुसऱ्यात भर कामकाजात एआय कुठे लागू पडतं यावर आहे. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल, तर हार्वर्ड विद्यापीठाचा ‘सीएस५०’ मालिकेतला एआयचा अभ्यासक्रम उत्तम. त्यात फुल्ली-गोळ्याच्या खेळात कधीच न हरणारा प्रोग्राम स्वतः लिहावा लागतो.

आपल्या देशातली सोयही भक्कम आहे. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून उभारलेल्या ‘एनपीटीईएल’वर आयआयटी मद्रासमध्ये दीपक खेमानी यांनी शिकवलेले एआयचे आणि बलरामन रवींद्रन यांनी शिकवलेले मशीन लर्निंगचे वर्ग मोफत पाहता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तर फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. २५ टक्के गुण गृहपाठाचे, ७५ टक्के परीक्षेचे. म्हणून त्या प्रमाणपत्राला वजन आहे. पण हे वर्ग इंजिनीअरिंगच्या पातळीचे आहेत. संभाव्यता आणि मॅट्रिक्स विसरलेल्यांनी आधी ती उजळणी करावी.

मराठीत का नाही?

वरचे सगळे अभ्यासक्रम मुळात इंग्रजी जाणणाऱ्याला सोयीचे. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेला, आशा सेविकेला, बाजार समितीतल्या व्यापाऱ्याला हे गणित मराठीत, आपल्या उदाहरणांनी शिकता आलं पाहिजे. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख. फिनलंडच्या उद्दिष्टासारखा तिचा एक टक्का म्हणजे ११ लाख. हा आकडा आवाक्याबाहेरचा नाही. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या ‘एमएस-सीआयटी’ने तालुक्या-तालुक्यातल्या लाखो लोकांना संगणक शिकवला आणि तोही मराठीतून. दूरशिक्षणाचा दीर्घ अनुभव असलेलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आपल्याकडे आहे. शिकवू शकतील अशी माणसंही आहेत.

या संस्थांनी एकत्र येऊन मराठीतला मोफत, स्वाध्यायांसह परिपूर्ण असा एआयचा प्रारंभिक अभ्यासक्रम तयार करावा, आणि सरकारने त्याला पाठबळ द्यावं. तोवर ज्यांना इंग्रजी जमतं त्यांनी एकच अभ्यासक्रम निवडावा, आठवड्याचे तीन तास त्यासाठी राखावेत, प्रत्येक स्वाध्याय स्वतः सोडवावा आणि शेवटचं प्रकरण संपेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नये.