दुर्मिळ, पण झिजलेलं प्रूफ नाणं : त्याचा भाव कसा काढायचा?



ज्या वस्तूवर एमआरपी छापलेली असते, ती विकणं सोपं. ज्या वस्तूला एमआरपीच नाही, तिचा भाव कसा ठरवायचा? जुनं फर्निचर, सेकंडहँड मशीन, आजीची पैठणी, जुनं नाणं, सगळ्यांना हाच प्रश्न पडतो. या वेळच्या व्हिडिओत आपण नाण्याचं उदाहरण घेतलं होतं. त्यातला हिशेब इथे सविस्तर लिहितोय, कारण व्हिडिओत आकडे भरभर जातात.

उदाहरण आहे अमेरिकेतल्या १८९५ च्या मॉर्गन डॉलरचं. नाणं परदेशी आहे, पण भाव काढायची रीत शिकायला याच्याइतकं चांगलं उदाहरण क्वचित मिळतं.

आधी एक गैरसमज दूर करू

‘प्रूफ’ म्हणजे नाण्याची अवस्था नाही. प्रूफ ही नाणं बनवायची पद्धत आहे. यात ठसे घासूनपुसून चकचकीत करतात, कोरी चकती खास तयार करतात आणि छाप नेहमीपेक्षा जास्त दाबाने, बऱ्याचदा एकाहून जास्त वेळा मारतात. म्हणून मोकळा भाग आरशासारखा दिसतो आणि अक्षरांच्या कडा धारदार येतात. ही नाणी बाजारात फिरवायला नसतात, संग्राहकांसाठी असतात.

अवस्था म्हणजे ग्रेड. ती १ ते ७० या मापावर ठरते. हे माप विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडलं. मूळ कल्पना गंमतशीर होती : ७० ग्रेडच्या नाण्याची किंमत १ ग्रेडच्या नाण्याच्या ७० पट असावी. तो हिशेब पुढे बाजारात टिकला नाही, पण आकडे टिकले.

प्रूफ नाणं खिशात गेलं, खर्च झालं, हाताळलं गेलं, की त्याची ग्रेड ६० च्या खाली येते. आरसा जातो, पण जन्म प्रूफचाच राहतो. आज आपण बोलतोय ते अशाच नाण्याबद्दल.

१८९५ चा मॉर्गन डॉलर इतका खास का?

त्या वर्षी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने या डॉलरची ८८० प्रूफ नाणी काढली. टांकसाळीच्या नोंदीत आणखी १२,००० साधी नाणीही आहेत, पण त्यातलं एकही आजवर खात्रीने सापडलेलं नाही. काही जण म्हणतात ही नोंदीतली चूक असावी, काही जण म्हणतात ती सगळी वितळली गेली.

वितळण्याचा संबंध थेट आपल्या देशाशी आहे. पहिल्या महायुद्धात भारतात चांदीच्या रुपयांची चणचण झाली होती. लोक नोटा देऊन चांदी मागत होते. तेव्हा १९१८ च्या पिटमन कायद्याने अमेरिकेने २७,०२,३२,७२२ चांदीचे डॉलर वितळवले. त्यातल्या २५,९१,२१,५५४ डॉलरांची चांदी ब्रिटिश सरकारला भारतासाठी विकली गेली. कोणकोणत्या वर्षाची किती नाणी भट्टीत गेली, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. अमेरिकेतल्या नाण्यांची दुर्मिळता अशी आपल्याकडच्या रुपयाच्या टंचाईशी जोडलेली आहे.

खरा मुद्दा : पर्याय किती आहेत?

हा भाग नीट वाचा, सगळा धंदा यात आहे.

१८९६ साली याच टांकसाळीने याच डॉलरची ७६२ प्रूफ नाणी काढली. म्हणजे १८९५ पेक्षा कमी. मग १८९६ चं प्रूफ जास्त महाग असायला हवं ना? उलट आहे. १८९५ चं झिजलेलं प्रूफसुद्धा दहा हजार डॉलरच्या बरंच वर जातं, आणि १८९६ चं चांगलं प्रूफ काही हजार डॉलरात मिळतं.

कारण काय? १८९६ मध्ये जवळजवळ एक कोटी साधी नाणीही निघाली. ज्या संग्राहकाला प्रत्येक वर्षाचं एक नाणं हवंय, तो १८९६ ची जागा एका स्वस्त साध्या नाण्याने भरतो. त्याला प्रूफची गरजच नाही. १८९५ च्या फिलाडेल्फिया नाण्याला मात्र पर्याय नाही. जागा भरायची तर प्रूफच घ्यावं लागतं, आणि चकचकीत परवडत नसेल तर झिजलेलं.

म्हणून झिजल्यावर दोघांचं नशीब वेगळं होतं. १८९६ च्या प्रूफचा आरसा गेला की त्याचं वैशिष्ट्यच गेलं, भाव साध्या नाण्याच्या दिशेने घसरतो. १८९५ चं झिजलं तरी खाली गिऱ्हाईक उभं असतं. भाव उतरतो, पण कोसळत नाही.

लिहून ठेवा : वस्तू किती कमी आहे हे अर्धं उत्तर. तिच्याऐवजी दुसरं काय चालतं, हे उरलेलं अर्धं.

भाव काढायच्या पाच पायऱ्या

१. तळ शोधा. मॉर्गन डॉलरचं वजन २६.७३ ग्रॅम, त्यात ९० टक्के चांदी. म्हणजे साधारण २४ ग्रॅम शुद्ध चांदी. आजच्या दराने गुणा, हा झाला मोडीचा भाव. आपल्या उदाहरणात तो नगण्य आहे, पण प्रत्येक वस्तूचा तळ आधी माहीत हवा. सगळं चुकलं तर हातात किती उरतं, ते यावरून कळतं.

२. खरं आहे का ते बघा. १८९५ मध्ये न्यू ऑर्लिन्स आणि सॅन फ्रान्सिस्को इथेही हे डॉलर निघाले. त्यांच्या मागच्या बाजूला, पानांच्या माळेखाली ‘ओ’ किंवा ‘एस’ हे बारीक अक्षर असतं. फिलाडेल्फियाच्या नाण्यावर अक्षर नसतं. आता बनवेगिरी कशी होते ते लक्षात आलं असेल : अक्षर खरवडून काढलं की शे-काहीशे डॉलरचं नाणं हजारोंचं झालं! वजन बरोबर, चांदी बरोबर, वय बरोबर, फक्त अक्षर गायब. त्यामुळे तराजू आणि चुंबक इथे उपयोगाचे नाहीत. भिंगाखाली खरवडल्याची खूण आणि खऱ्या ठशाच्या खुणा तपासाव्या लागतात. पीसीजीएस किंवा एनजीसी अशा संस्थेने तपासून सीलबंद केलेलं नसेल, तर हे नाणं ‘१८९५ प्रूफ’ समजून भाव लावूच नका. सीलबंद डब्याही नकली निघतात, म्हणून डबीवरचा नंबर संस्थेच्या साइटवर टाकून फोटोशी ताडून बघा.

३. झीज आणि जखम वेगळी धरा. नैसर्गिक झीज म्हणजे कमी ग्रेड, तिला आपला भाव असतो. पण घासून चमकवलेलं, ओरखडलेलं, काठाला ठोका बसलेलं किंवा दागिन्यात डाग देऊन बसवलेलं नाणं वेगळ्या रांगेत जातं. अशांना संस्था आकड्याची ग्रेड न देता दोष लिहून देते, आणि भाव बराच कमी येतो. म्हणून सांगतो, घरात जुनं नाणं सापडलं तर चिंच, लिंबू, पितांबरी काही लावू नका. काळपटपणा राहू द्या.

४. झालेले व्यवहार जमवा. मागितलेला भाव म्हणजे भाव नाही. ऑनलाइन कोणीही काहीही मागू शकतं. बघायचं ते प्रत्यक्ष विकलं गेलेलं. हेरिटेज, स्टॅक्स बाउअर्स अशा लिलाव कंपन्यांच्या साइटवर जुन्या विक्रीच्या नोंदी असतात. गेल्या दोन-तीन वर्षांतली, त्याच ग्रेडची उदाहरणं घ्या. कमी ग्रेडची विक्री क्वचित होते, तेव्हा एक ग्रेड वरचं आणि एक ग्रेड खालचं बघा आणि मधला पट्टा धरा. एकच आकडा नको, ‘इथपासून इथपर्यंत’ असं लिहा. आणि एखादी विक्री फारच उंच दिसली तर बाजूला ठेवा, दोन हट्टी गिऱ्हाइकं एकमेकांसमोर आली की असं होतं.

५. तिथून उलटं मोजत या. हिशेबासाठी सोपे आकडे धरू, खरे दर कंपनीनुसार बदलतात.

- गिऱ्हाइकाने लिलावात मोजले : १२० रुपये
- त्यातला खरेदीदाराकडून घेतलेला जादा आकार वजा : उरले १००
- विकणाऱ्याकडून घेतलेलं कमिशन १० : उरले ९०
- तपासणी, विमा, कुरिअर ३ : उरले ८७
- सहा महिने पैसे अडकल्याचं व्याज ४ : उरले ८३
- आपला नफा आणि अंदाज चुकण्याची जोखीम १३ : उरले ७०

म्हणजे साइटवर १२० दिसत असलं तरी व्यापारी म्हणून तुमची खरेदी ७० च्या वर जायला नको. आणि हा १२० सुद्धा पट्ट्याच्या खालच्या टोकाचा घ्या, वरच्या नाही. विकणाऱ्यानेही हे समजून घ्यावं. दुकानदाराने ७० सांगितले म्हणून तो लगेच लुबाडणारा ठरत नाही. पण त्याने २५ सांगितले तर तुमच्याकडे आता हिशेब आहे, शांतपणे उठून या.

आपल्याकडे हे लावताना

एक, जो बाजार तुम्हाला गाठता येत नाही, त्याचा भाव तुमचा नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं खाजगी माणसाला भारताबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे पेटीत असा डॉलर सापडला तरी अमेरिकेतल्या लिलावाचा आकडा जसाच्या तसा धरू नका. गिऱ्हाईक इथलंच शोधायचंय, आणि इथे त्या नाण्याचे संग्राहक मोजके.

दोन, ‘जुनं नाणं द्या, लाखो घ्या’ म्हणणारा आधी तुमच्याकडे फी, कमिशन किंवा टॅक्स मागत असेल तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सूचना काढून सांगितलंय की बँक अशा व्यवहारात नाही आणि तिने कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. खरा घेणारा पैसे देतो, मागत नाही.

तीन, या धंद्यात नवीन असाल तर उधारीच्या किंवा घरखर्चाच्या पैशाने महाग नाणं घेऊ नका. गिऱ्हाईक यायला सहा महिने लागले तर नाणं थांबतं, हप्ता थांबत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

घरातली किंवा दुकानातली एमआरपी नसलेली एक वस्तू निवडा. वहीत पाच ओळी लिहा : मोडीचा भाव, खरेपणाचा पुरावा, दोष, झालेले तीन व्यवहार, आणि उलटा हिशेब करून आलेली खरेदी किंमत. सगळ्यात वर एक प्रश्न लिहा : ‘गिऱ्हाइकाला याच्याऐवजी दुसरं काय चालेल?’ उत्तर ‘बरंच काही’ असेल, तर वस्तू कितीही जुनी असो, भाव जपून सांगा.

तुमचा हिशेब व्हिडिओखाली कमेंटमध्ये टाका. पुढच्या भागात त्यातले काही सोडवून बघू.