जुन्या सायकलीचा नवा रंग



दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून, जिन्याखालून जुन्या सायकली निघतात आणि बहुतेक भंगारवाल्याकडे जातात. या वर्षी नववीच्या काही मुलांनी मला विचारले, "सर, आजोबांची सायकल रंगवून चालवता येईल का?" नक्की येईल. पण ती कशी रंगवावी हे मी स्वतः चूक करून शिकलो आहे. म्हणून आधी ती चूकच सांगतो.

माझ्या वडिलांची काळी रॅले सायकल होती. रॅले ही मूळची इंग्लंडमधील नॉटिंगहॅमची कंपनी, १८८८ साली स्थापन झालेली. स्वातंत्र्यानंतर बंगालमध्ये आसनसोलजवळ सेन-रॅलेच्या कारखान्यात तिच्या सायकली बनू लागल्या. वडिलांची त्यांपैकीच एक. चेनकव्हरवर त्यांनी पेंटरकडून पिवळ्या रंगात आपले नाव लिहून घेतले होते. वडील गेल्यावर काही वर्षांनी मी ती सायकल एका दुकानात रंगवायला टाकली. चार दिवसांत ती आरशासारखी चमकत घरी आली. सहा महिन्यांनी पुतण्या ती चालवू लागला, तेव्हा हँडलजवळच्या नळीवर एक बारीक तांबडी रेघ दिसली. खरवडून पाहिले तर आत लांबी भरलेली आणि लांबीखाली भेग! एखादा मोठा खड्डा लागला असता तर काय झाले असते, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. शिवाय वडिलांचे नाव घासकामात कायमचे गेले. रंग देण्यापूर्वी मी सांगाडा पाहायला गेलो नाही आणि काय जपायचे तेही सांगितले नाही. दोष माझाही होताच.

यातून मी एक नियम केला: जे दिसायला हवे ते लपू नये आणि जे राहायला हवे ते पुसले जाऊ नये. आता कामाचा क्रम पाहू.

पहिली पायरी, नोंद. काहीही खोलण्यापूर्वी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. सोनेरी रेघा कुठून कुठे जातात, किती रुंद आहेत ते मोजून लिहा. सांगाड्यावर ठोकलेला नंबर शोधा. तो बहुधा सीटखालच्या जोडावर किंवा पेडलचा आस फिरतो त्या नळकांड्याखाली असतो. मूळ रंग बराचसा शाबूत असेल तर रंगवूच नका. धुवा, पुसा, गंजलेल्या जागा तेवढ्या साफ करा. कारखान्याचा रंग एकदाच मिळतो.

दुसरी पायरी, खोलणे. इथे एक गंमत आहे. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, म्हणजे ते उजवीकडे फिरवले की सुटते. पेडल मारता मारता ते आपोआप सैल होऊ नये म्हणून ही योजना. हे माहीत नसल्यामुळे अनेकांनी जोर लावून आटे खराब केले आहेत. जुन्या वाट्या टाकून देऊ नका. जुन्या रॅलेमध्ये बहुधा एका इंचात २६ आटे असतात, इतर बऱ्याच सायकलींमध्ये २४. बाजारातली नवी वाटी त्यात बसेलच असे नाही.

तिसरी पायरी, तपासणी. सर्वांत महत्त्वाची हीच. हँडल ज्या आखूड उभ्या नळीत फिरते, तिच्या लगेच मागच्या दोन नळ्यांवरून बोट फिरवा. पुढून धडक बसलेली असेल तर तिथे सुरकुती किंवा भेग सापडते. पाणी सीटच्या नळीतून उतरून खालच्या नळकांड्यात साचते, म्हणून तिथला गंज आतून पाहा. मग सांगाडा सरळ आहे का ते दोरीने तपासा. मागच्या चाकाच्या डाव्या खाचेला दोरी बांधा, पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून उजव्या खाचेपर्यंत ताणून आणा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोरीचे अंतर मोजा. ते सारखे आले तर सांगाडा सरळ. भूमितीतली सममिती ती हीच! भेग असेल तर लांबी भरू नका. आमच्या सायकलीची ती नळीच बदलून जाणत्या कारागिराने पितळेची झाळ दिली, तेव्हा कुठे ती चालवण्याजोगी झाली.

चौथी पायरी, घासणे. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. म्हणून गंजावर रंग दिला तर तो आतून फुगून रंगाचे पापुद्रे काढतो. गंज पूर्ण काढायलाच हवा. पण जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून लागू झाली. त्यामुळे कोरडे घासू नये. पाणी लावून पॉलिश पेपरने, ज्याला आपण इंदूरकर रेगमाल म्हणतो त्याने, मोठ्यांनी मास्क लावून घासावे. लहान मुलांना दूर ठेवावे, निघालेला गाळ बागेत टाकू नये.

पाचवी पायरी, रंग. उघडे लोखंड हाताच्या घामानेही गंजते. म्हणून थिनरने पुसून त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर द्यावा. आट्यांवर आणि वाट्या बसतात तिथे आधी कागदी टेप लावावी. आस बसतो त्या खाचांवर जाड थर नको. तो दबला की चाकाचा नट सैल होतो. प्रायमर वाळल्यावर हलके घासून पातळ दोन-तीन हात द्यावेत. इनॅमल रंग दुसऱ्या दिवशी हाताला वाळलेला वाटतो, पण आतून पक्का व्हायला आठवडाभर तरी लागतो. तोवर जोडणीची घाई करू नये. शेवटी फोटो समोर ठेवून सोनेरी रेघा ओढाव्यात.

आमच्या चेनकव्हरवर मी पुन्हा वडिलांचे नाव लिहून घेतले. अक्षरे सुंदर आहेत, पण ती जुनी अक्षरे नाहीत. त्यांचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता. मुलांनो, तुमच्या आजोबांच्या सायकलीवर काही लिहिलेले असेल, तर रेगमाल हातात घेण्याआधी ते वाचा, आणि शक्य असेल तर आजोबांनाच त्याबद्दल विचारा.