भिंत रंगवा, पण रंग ओळखून!



धाकट्या भावंडाची खोली, निदान खोलीतला त्याचा कोपरा, आपल्या हातांनी चित्रे काढून सजवावा असे तुमच्या मनात कधी आले आहे का? सुट्टीत करण्याजोगा हा छान उद्योग आहे. मात्र कुंचला हाती घेण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारा : या रंगात आहे तरी काय?

भिंतीच्या रंगात मुख्यतः तीन पदार्थ असतात. रंग देणारी बारीक पूड म्हणजे रंगद्रव्य, ती भिंतीला धरून ठेवणारा चिकट पदार्थ म्हणजे बंधक आणि दोन्ही पातळ करणारा द्रव, म्हणजे पाणी किंवा टर्पेंटाइन. द्रव उडून जातो. बाकीचे दोन वर्षानुवर्षे भिंतीवर राहतात.

चमकदार रंगातले शिसे

अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. पिवळाधमक लेड क्रोमेट हेही शिशाचेच संयुग. असे झळझळीत रंग तैलरंगांत सर्रास वापरले जात. पण शिसे मेंदूला घातक आहे आणि लहान मुलांना त्याचा धोका सर्वांत जास्त. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार-पाच पट भाग मुलांचे शरीर शोषून घेऊ शकते. त्यातच रांगणारे मूल जमिनीवरची धूळ हाताला लावते आणि तोच हात तोंडात घालते!

भारतात २०१६ साली यासंबंधी नियम झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून ते लागू झाले. त्यांनुसार घरगुती रंगात दर दहा लाख भागांत शिशाचे ९० पेक्षा जास्त भाग असता कामा नयेत. म्हणजे एक किलो रंगात फार तर ९० मिलिग्रॅम. नवा डबा घेताना त्यावरील मजकूर वाचा. त्याआधीचा रंग मात्र जुन्या दार-खिडक्यांवर अजून असू शकतो. म्हणून जुना तैलरंग कोरड्या पॉलिश-कागदाने कधीही घासू नका. पोपडे निघत असतील तर ते काम मोठ्यांवर सोपवा. पृष्ठभाग ओला ठेवून काम करावे, लहान मुलांना व गर्भवतींना दूर ठेवावे आणि शेवटी सारे ओल्या फडक्याने पुसावे.

भिंतीवर दगडाचा पापुद्रा

भिंत नुसत्या गिलाव्याची किंवा पूर्वी चुना दिलेली असेल, तर चुन्यासारखा स्वस्त रंग नाही. चुनखडी भट्टीत भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो तापून फुटतो आणि विरतो. भिंतीला लावलेला हा विरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषतो व पुन्हा चुनखडीच बनतो. म्हणजे तुम्ही भिंतीवर दगडाचा पातळ पापुद्राच चढवता!

चुना विरवण्याचे काम मोठ्यांनी करावे. चुना डोळ्यांना व कातडीला भाजतो, म्हणून भिंतीला लावताना चष्मा व हातमोजे हवेतच. तेलकट किंवा प्लॅस्टिक रंगावर चुना धरत नाही. तिथे कमी शिशाचा, पाण्यात मिसळणारा तयार रंग वापरा.

कोणता रंग टिकेल?

एका वाटीत चुन्याचे थोडे पाणी घेऊन त्यात चिमूटभर हळद टाका. पिवळा नव्हे, लाल रंग येईल! हळदीपासून कुंकू करतात तेही याच क्रियेने. दुसऱ्या वाटीत गेरू टाका. तो तसाच तांबडा राहील. आता कागदावर साध्या हळदीचा आणि गेरूचा एकेक पट्टा ओढा, दोन्ही पट्टे अर्धे झाकून आठवडाभर उन्हात ठेवा. हळद विटलेली दिसेल, गेरू मात्र जसाच्या तसा. गेरूचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो आणि त्याच्यावर ऊन-चुन्याचा परिणाम होत नाही. भीमबेटकाच्या गुहांतली तांबडी चित्रे हजारो वर्षे टिकली ती अशाच लोहयुक्त मातीमुळे.

आता चित्र काढू या

पालघर जिल्ह्यातील वारली चित्रांत गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने त्रिकोण, वर्तुळे व रेषा काढतात. याच पद्धतीने एक उंच झाड काढा आणि त्याच्या खोडावर सेंटिमीटरच्या खुणा करा. भावंडाची उंची दर महिन्याला त्यावर नोंदता येईल.

दुसऱ्या भिंतीवर मृग नक्षत्र काढा. जानेवारी-फेब्रुवारीत संध्याकाळी ते आकाशात पाहा, कागदावर एक सेंटिमीटरच्या चौकटींत उतरवा, मग भिंतीवर खडूने वीस सेंटिमीटरच्या चौकटी आखून तेच मोठे करा. तेजस्वी ताऱ्याला मोठा ठिपका, मंद ताऱ्याला लहान. तांबूस काक्षी गेरूने रंगवा, निळसर राजन्य निळीने आणि बाकीचे तारे कोळशाच्या पुडीने. प्रत्येक पुडीत थोडे डिंकाचे पाणी घाला. काक्षीच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ३,५०० केल्व्हिन, तर राजन्याचे सुमारे १२,००० केल्व्हिन आहे. मग जास्त तापलेला तारा तांबडा का नाही? भावंड हा प्रश्न विचारील, त्या आधी उत्तर शोधून ठेवा!