खिडकीतला एक्सपी

माझ्या लॅपटॉपवर एक छोटी खिडकी उघडते. आत हिरवी टेकडी, निळं आकाश आणि डाव्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’चं हिरवं बटण. हा विंडोज एक्सपी, २००१ साली आलेला. मराठी पुस्तकांच्या जुन्या फाइली मी आजही त्याच्यावरच उघडतो.

ही खिडकी म्हणजे व्हर्च्युअल मशीन, सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक. त्याला प्रोसेसर आहे, मेमरी आहे, डिस्कही आहे. पण ती डिस्क म्हणजे माझ्या लॅपटॉपवरची एक मोठी फाइल. आपण खऱ्या यंत्रावरच चालतो आहोत, अशी एक्सपीची समजूत असते. कल्पना जुनीच. आयबीएमने १९६०च्या दशकात मोठ्या संगणकांवर ती राबवली आणि १९७२ साली व्हीएम/३७० बाजारात आणलं. साध्या पीसीवर ती १९९९ साली व्हीएमवेअरने आणली. मी व्हर्च्युअलबॉक्स वापरतो. एक्सपीला ५१२ एमबी मेमरी दिली की तो खुशीत चालतो.

एवढा खटाटोप कशासाठी? नव्वदच्या दशकात मराठी डीटीपी उभं राहिलं ते पानं मांडणाऱ्या पेजमेकरच्या आणि श्रीलिपी, आकृती यांसारख्या फाँट सॉफ्टवेअरच्या जोरावर. त्या फाँटमध्ये जागा २५६. इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले. फाँट नसेल तर पान उघडतं, पण दिसतात नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ची. तिला तिच्या काळातलंच घर मानवतं.

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतात, आणायचा म्हटलं की खरी कसोटी लागते. ‘किती’ हा शब्द घ्या. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर, म्हणजे डोळ्यांना दिसतं त्याच क्रमाने. युनिकोडमध्ये ‘क’ आधी, वेलांटी नंतर. ‘सूर्य’मधला रफार तिथे ‘य’च्या मागून येतो, इथे ‘र’ आणि हलंत दोन्ही ‘य’च्या आधी येतात. रूपांतराचं सॉफ्टवेअर हा क्रम फिरवतं, पण जोडाक्षरांत हमखास अडखळतं. म्हणून मूळ पान शेजारच्या खिडकीत उघडं हवं. ओळीला ओळ लावून प्रूफ वाचायचं, दुसरा उपाय नाही.

काही पथ्यं पाळावी लागतात. एक्सपीचा सुरक्षा-आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, म्हणून या यंत्राचं नेटवर्क बंदच ठेवावं. फाँट सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, यूएसबीचा असेल तर तो आतल्या यंत्राला जोडून देता येतो. सगळं नीट बसलं की लगेच ‘स्नॅपशॉट’ घ्यावा; पुढे काही बिघडलं तर त्या क्षणाच्या स्थितीत परत जाता येतं. खऱ्या जुन्या पीसीला ही सोय नाही. त्याची हार्ड डिस्क एकदा बसली की बसली.

छापलेलं पुस्तक कपाटात टिकतं, पण त्यातला एक शब्द शोधायचा, नवी आवृत्ती काढायची किंवा दृष्टिहीन वाचकाला ते ऐकवायचं, तर मजकूर युनिकोडमध्येच हवा. तुमच्या प्रेसच्या माळ्यावर, मंडळाच्या कपाटात जुन्या सीडी असतील. त्या वाचल्या जात आहेत आणि डोंगल चालतो आहे, तोवर हे यंत्र उभं करा. सगळ्यात जुनी सीडी आधी काढा.