कार्बन पकडणारं वीज केंद्र संध्याकाळी काय करतं?

"कार्बन पकडायचं तंत्र तर आहेच, मग त्यात पीएचडी कसली?" हा प्रश्न मला घरच्यांपासून मित्रांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. थोडक्यात उत्तर असं: वीज केंद्र दिवसभर सारख्याच लोडवर चालत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

आधी यंत्रणा समजून घेऊ. कोळशाच्या धुरात साधारण १२ ते १४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. एका उंच मनोऱ्यात खालून हा धूर सोडतात आणि वरून अमाइन नावाच्या रसायनाचं द्रावण. साधारण ४० अंश सेल्सियसला हे द्रावण कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं. दुसऱ्या मनोऱ्यात ते १२० अंशांपर्यंत तापवलं की वायू सुटतो आणि मोकळं झालेलं द्रावण परत पहिल्या मनोऱ्यात जातं. कॅनडातल्या बाउंड्री डॅम केंद्राच्या तिसऱ्या संचावर २०१४ मध्ये अशी यंत्रणा सुरू झाली.

पण तापवायला उष्णता कुठून आणायची? बहुतेक वेळा टर्बाइनच्याच वाफेतून. त्यामुळे ९० टक्के कार्बन पकडायचा तर केंद्राची साधारण पाचवा हिस्सा वीज कमी होते. टेक्सासमधल्या पेट्रा नोव्हा प्रकल्पात हे टाळण्यासाठी वाफेकरता गॅसवर चालणारा वेगळा संच उभारला. म्हणजे भांडवल वेगळं आणि इंधनही वेगळं.

आता आपल्याकडे या. नीती आयोगाने २०२२ मध्ये कार्बन पकडण्याबाबतचा धोरण आराखडा मांडला. दुसरीकडे, दुपारी सौर वीज वाढते तेव्हा कोळशाच्या संचांनी खाली यावं, असे २०२३ चे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नियम आहेत: आधी ५५ टक्क्यांपर्यंत, पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत. सूर्य मावळला की त्याच संचांना झपाट्याने वर यायचंय. नेमकी तेव्हाच प्रत्येक मेगावॉट मोलाची असते, आणि तेव्हाच कार्बनची यंत्रणा वाफ मागत असते.

मग करायचं काय? सोपा उपाय म्हणजे गर्दीच्या तासांत यंत्रणा थांबवून धूर सरळ चिमणीतून सोडायचा. वीज मिळते, पण हिशेब बघा. समजा संच ४ तास पूर्ण लोडवर, १२ तास ८० टक्क्यांवर आणि ८ तास ५५ टक्क्यांवर चालला. उत्सर्जन लोडच्या प्रमाणात धरलं आणि फक्त ते ४ तास यंत्रणा बंद ठेवली, तर दिवसभरात ९० ऐवजी ७० टक्केच कार्बन पकडला जातो.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. कार्बन धरलेलं द्रावण संध्याकाळी तापवायचंच नाही, टाकीत साठवायचं. पहिला मनोरा चालू राहतो, वाफ मात्र टर्बाइनला मिळते. दुसऱ्या दिवशी दुपारी, विजेला फारशी मागणी नसताना, ते तापवायचं.

ऐकायला छान, पण टाकी केवढी लागेल? एक टन कार्बन डायऑक्साइड धरायला ढोबळमानाने २० घनमीटर द्रावण लागतं. ५०० मेगावॉटच्या संचातून तासाला ४०० टन पकडायचे तर ८,००० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटरचे ८०० टँकर. तेही एका तासाचे! शिवाय तेवढंच मोकळं द्रावण आधीपासून तयार हवं, आणि दुपारचं जादा काम उरकायला दुसरा मनोराही मोठा हवा. त्यात कमी लोडवर वाफेचा दाब उतरतो, म्हणजे मोकळ्या वेळेतली वाफही हवी तशी मिळत नाही.

म्हणून पुढच्या वेळी कुठे "९० टक्के कार्बन पकडणार" असं वाचलंत, तर एक प्रश्न जरूर विचारा: पूर्ण लोडवर, की वर्षभराच्या चढउतारांसकट? या दोन उत्तरांत हवेत जाणाऱ्या कार्बनचा मोठा फरक असू शकतो. टाकी किती मोठी परवडते, हेच सध्या माझं गणित आहे. त्याबद्दल पुढच्या लेखात.